मातीची भट्टी पावसात टिकते कशी?

प्रश्न : अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या ताओस पुएब्लो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे पुएब्लो लोकांच्या, गावाचे फोटो बघत होते, तिथे घरांच्या बाहेर मातीच्या घुमटासारख्या भट्ट्या दिसल्या. ऊन-पाऊस-बर्फात उघड्यावर त्या टिकतात कशा? सिमेंट लावून एकदाच पक्क्या का नाही करून टाकत? आणि बांधणारे कमी होत असतील तर व्हिडिओ करून ठेवले की ती कला वाचेल ना?

उत्तर : या भट्टीला तिकडे ओर्नो म्हणतात. मूळ अरब-मूर (उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम) लोकांकडून स्पेनमध्ये आली, मग स्पॅनिश लोकांनी गव्हाबरोबर ती तिकडे नेली आणि पुएब्लो लोकांनी ती इतकी आपलीशी केली की आज ती त्यांच्याच अंगणातली वाटते. कच्च्या विटांचे एकावर एक गोल थर लावायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा आत घ्यायचा, असं करत घुमट मिटवायचा, पुढे तोंड आणि वर किंवा बाजूला धूर जायला छोटं भोक ठेवायचं. मग आत लाकडं पेटवून तासन्‌तास भट्टी तापवायची, निखारे ओढून बाहेर काढायचे, बूड ओल्या फडक्याने पुसायचं, पाव आत सरकवून तोंड बंद. आग नाही, जाड मातीने साठवलेली उष्णता पाव भाजते. थर्मामीटर लागत नाही, मक्याच्या कणसाचं साल किंवा कागदाचा तुकडा आत टाकतात, तो लगेच काळा पडला तर भट्टी अजून जास्त तापलेली आहे, थांबायचं.

आता टिकण्याचं. खरं सांगायचं तर ती टिकत नाही, टिकवली जाते. पावसाने वरचा गिलावा झिजतो आणि तो झिजावा म्हणूनच असतो, त्यावर पुन्हा माती लिंपतात. सिमेंटचं तसं नाही, ते कडक, मातीसारखं हलत-फुगत नाही, त्याला बारीक चीर गेली की पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाटच राहत नाही, आतली कच्ची वीट भिजून मऊ होते आणि वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शेजारच्याच रांचोस दे ताओसमधल्या सान फ्रान्सिस्को दे आसीस चर्चला 1967 मध्ये सिमेंटचा गिलावा केला होता, आत ओल धरली, 1979 मध्ये तो काढून पुन्हा मातीचा केला, आणि आता गावातली माणसं एकत्र येऊन दरवर्षी तो लिंपतात. त्यामुळे ओर्नोला सिमेंट नकोच, यावर मी अगदी ठाम आहे.

व्हिडिओ जरूर करा, पण तेवढ्याने भागणार नाही असं मला मनापासून वाटतं. व्हिडिओत विटा कशा रचतात ते दिसतं, माती बरोबर झालीये की नाही ते दिसत नाही. ते हाताला कळतं. मूठभर चिखलाचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून खाली टाकायचा, फुटून विखुरला तर वाळू जास्त किंवा पाणी कमी, पसरून चपटा झाला तर पाणी जास्त. गोळा वाळल्यावर भेगा पडल्या तर माती फार चिकट, वाळू वाढवायची. पेंढा कशाला, तर वाळताना माती आकसते तो ताण एका मोठ्या भेगेत न जाता सगळीकडे वाटला जावा म्हणून. दर ठिकाणची माती वेगळी, त्यामुळे प्रमाण लिहून ठेवलं तरी दुसरीकडे जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

शिवाय नवी भट्टी लोक आयुष्यात एखादीच बांधतात, लिंपण मात्र पुन्हा पुन्हा होतं, आणि तेव्हाच लहान मुलं चिखल तुडवतात, मोठ्यांच्या शेजारी उभं राहून शिकतात. म्हणून भट्टी जपायची असेल तर ती वापरात ठेवा, वापरली की झिजते, झिजली की कुणीतरी लिंपायला बसतं. तुम्हाला स्वतः शिकायचं असेल तर बांधणीच्या वर्कशॉपआधी दुरुस्तीला हात लावायला मिळतोय का बघा. आणि नवीन भट्टी पूर्ण वाळल्याशिवाय मोठा जाळ करू नका, आधी छोट्या छोट्या आगी, नाहीतर आतलं पाणी वाफ होऊन भिंत तडकते.