जुना एप्सन परफेक्शन १६७० लिनक्स मिंटवर दिसतो पण स्कॅन करत नाही, भंगारात घालू का?

घालू नकोस भावा. तू लिहिलंयस की स्कॅनइमेज डॅश कॅपिटल एल (जोडलेल्या स्कॅनरची यादी दाखवणारी कमांड) मारलं की यादीत नाव येतं, पण स्कॅन सुरू केला की "ओपन ऑफ डिव्हाइस फेल्ड, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" म्हणून बाहेर पडतं. म्हणजे केबल बरोबर आहे, स्कॅनर जिवंत आहे आणि लिनक्सनं त्याला ओळखलंय पण. फक्त त्याच्या डोक्यात काही नाही, ते आपण भरायचं असतं. (मोबाइलवर मराठी कीबोर्डच आहे म्हणून कमांडची नावं पण देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजीतच टाइप कर.)

ही एरर माझ्या ओळखीची आहे. २०१९ च्या पुरात कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीला मामाच्या घरात पाणी शिरलं, कपाटातले अल्बम भिजले, फोटो एकमेकांना चिकटले. पाण्यात सोडवून, वाळवून झाले तर सगळे पापडासारखे वाकडे. माझ्याकडं डीटीपीच्या दिवसातला हाच १६७० माळ्यावर पडून होता, तो काढला. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला याचा ड्रायव्हर आता मिळत नाही, ऑल इन वन (प्रिंटर आणि स्कॅनर एकात) घे. घेणार होतोच, पण म्हटलं एक रविवार घालवून बघू.

तर झालं असं की मी पण पहिल्यांदा तुझ्यासारखंच एप्सन नाव बघून एप्सन२ (एप्सनच्या दुसऱ्या स्कॅनरचा ड्रायव्हर) च्या फाइलमध्ये खाटखूट करत बसलो. तिथं काही मिळणार नाही. लिनक्सवर स्कॅनर चालवतं ते सेन नावाचं सॉफ्टवेअर, १९९६ पासूनचं, आणि त्यात प्रत्येक जातीच्या स्कॅनरला वेगळा बॅकएंड, म्हणजे ड्रायव्हरच, असतो. १६७० वर पाटी एप्सनची असली तरी आत बोलतो तो स्नॅपस्कॅनची भाषा, म्हणजे मूळ अॅग्फाच्या स्नॅपस्कॅन मॉडेलवरून नाव पडलेला बॅकएंड, एसर, बेनक्यू यांचे बरेच जुने स्कॅनर पण त्यातच येतात. तुझ्या यादीत नावाच्या सुरुवातीला स्नॅपस्कॅन असंच आलं असणार, परत बघ.

आता मुख्य गोष्ट. ह्या स्कॅनरमध्ये फर्मवेअर, म्हणजे स्कॅनरला आतनं चालवणारा प्रोग्राम, कायमचं साठवलेलं नसतं, पॉवर दिली की दर वेळी कॉम्प्युटरनं ते पाठवायचं. इथं पावसाळ्यात लाइट दिवसातनं चार वेळा जाती, लाइट गेली की स्कॅनरची अक्कल पण जाती, आली की सेन परत भरतो, आपल्याला काही करावं लागत नाही, फक्त फाइल कुठं आहे ते त्याला एकदा सांगून ठेवायचं. ती फाइल सेनबरोबर येत नाही कारण ती कंपनीच्या मालकीची आहे, वाटायला परवानगी नाही. तुझ्याकडं स्कॅनरची मूळ सीडी असेल तर त्यात आहे, नाहीतर जुन्या विंडोजच्या ड्रायव्हरमधनं काढायची. १६७० साठी तिचं नाव ईएसएफडब्ल्यू३० डॉट बिन. सीडीवर ती कॅब फाइलमध्ये दाबून ठेवलेली असली तर कॅबएक्स्ट्रॅक्ट नावाचं प्रोग्राम आहे ते टाकून सोडव.

फाइल मिळाली की यूएसआर, शेअर, सेन, स्नॅपस्कॅन ह्या फोल्डरमध्ये ठेव, फोल्डर नसेल तर बनव. मग ईटीसीमध्ये सेन डॉट डी, त्यात स्नॅपस्कॅन डॉट कॉन्फ उघड. फर्मवेअर शब्दानं सुरू होणारी एक ओळ आधीच असती, तिच्या शेवटी "युअर फर्मवेअर फाइल" छाप नमुन्याचं नाव असतं. खाली नवीन ओळ जोडू नको, तीच ओळ बदल. आणि नावातली अक्षरं, लहान का मोठी, डिस्कवर जशी आहेत तशीच्या तशी, मी कॅपिटल ई च्या जागी स्मॉल लिहिलेला आणि दोन तास केबल बदलत बसलो. लिनक्सऐवजी बीएसडी सिस्टिमवर असशील तर हे सेन डॉट डी फोल्डर यूएसआर लोकल ईटीसीच्या आत असतं.

तिथंच डीएलएल डॉट कॉन्फ पण आहे, त्यात स्नॅपस्कॅनच्या ओळीसमोर हॅश नाही ना तेवढं बघ, हॅश असला की ती ओळ बंद असती.

यानंतर एक गंमत होती, सुडो लावलं (म्हणजे रूटच्या, मुख्य युजरच्या, हक्कानं कमांड चालवली) की स्कॅन होतं आणि साध्या युजरनं होत नाही. सगळे सांगतात स्कॅनर ग्रुपमध्ये नाव घाल आणि लॉगआउट करून परत ये. ते कर, पण माझं त्यानं गेलं नव्हतं, कारण फर्मवेअरची फाइल मी रूटनं कॉपी केलेली आणि ती वाचायचा हक्क फक्त रूटलाच होता. बाहेरनं दोन्ही आजार सारखेच दिसतात. सीएचमॉड ६४४ मारलं (म्हणजे फाइल सगळ्यांना वाचता येती) आणि दिवा लागला, लगेच. आणि डिव्हाइसच्या नावात शेवटी ००१:००४ असे आकडे येतात ते स्क्रिप्टमध्ये कायमचे लिहून ठेवू नको, केबल काढून घातली की बदलतात.

नवीन ऑल इन वन घ्यायचं म्हणत असशील तर एक सांगतो. ह्या १६७० मध्ये सीसीडी जातीचा सेन्सर आहे, त्याला लेन्स असते, त्यामुळं काचेपासनं थोडा वर उचललेला कागद पण बऱ्यापैकी शार्प येतो. पातळ, यूएसबीच्या विजेवरच चालणाऱ्या बहुतेक स्कॅनरमध्ये आणि स्वस्त ऑल इन वनमध्ये सीआयएस नावाचं दुसरं सेन्सर असतं, ते काचेला चिकटलेलंच नीट बघतं. मामाचे वाकडे फोटो मित्राच्या ऑल इन वनवर धूसर आले आणि ह्याच्यावर आजीच्या नथीतले मोती मोजता आले. बाइंड केलेल्या वहीच्या शिवणीजवळ पण हाच फरक पडतो. फोटो असतील तर ६०० डीपीआयला टिफमध्ये घे, सहा बाय चारचा फोटो साधारण २६ एमबी होतो, १६०० वर नेऊन डिस्क भरण्यात अर्थ नाही, जुन्या प्रिंटमध्ये तेवढं नसतंच. आणि दिवा लागल्यावर मिनिटभर तापू दे, नाहीतर पहिल्या स्कॅनचा रंग वेगळाच येतो.

एवढं करून पण तीच एरर आली तर सेन डीबग स्नॅपस्कॅन हे व्हेरिएबल २५५ ठेवून (तिन्ही शब्द कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोअर) स्कॅनइमेज चालव आणि जे काय येईल ते इथं टाक, तो फर्मवेअरची फाइल नेमकी कुठं शोधतोय ते त्यात दिसतं.