खोपोलीचा इतिहास पाण्याच्या वाटेने लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रावरचा तुझा कच्चा मजकूर वाचला. मेहनत दिसते, पण पहिल्याच पानावर तारखांची खिचडी झाली आहे. ज्यांची ही कल्पना, ते जमशेदजी टाटा १९०४ मध्ये वारले. टाटांच्या वीज कंपनीची नोंदणी १९१० ची, वळवण धरणाची पायाभरणी ८ फेब्रुवारी १९११ ची आणि वीज सुरू झाली १९१५ मध्ये. यातली कुठलीही एक तारीख घेऊन ‘स्थापना’ म्हणू नकोस, नेमकं काय झालं ते लिही. ‘भारतातलं पहिलं’ हेही काढून टाक. दार्जिलिंगजवळचं सिद्रापोंग १८९७ चं आणि कावेरीवरचं शिवनसमुद्र १९०२ चं.

शिवनसमुद्रची आठवण निघालीच आहे, तर फरक सांगतो. तिथे वाहत्या नदीचा धबधबा वापरला होता. घाटमाथ्यावर तशी नदीच नाही. सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि मुंबईच्या गिरण्या मात्र बारा महिने चालायच्या. म्हणजे चार महिन्यांचं पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी साठवायलाच हवं होतं. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तीन तलाव त्यासाठी आहेत. तुझ्या मजकुरात धरणं नुसती ‘बांधली गेली’. का बांधली, हे कुठेच येत नाही.

मग पाण्यामागून चालत जा. शिरवत्याचं पाणी बोगद्यातून वळवणकडे, तिथून डक्ट लाइनने, म्हणजे बांधीव पाटाने, खंडाळ्याच्या कड्यावरच्या फोअरबेत, म्हणजे नळांच्या तोंडाशी असलेल्या हौदात, आणि फोअरबेतून पोलादी नळांनी थेट खाली खोपोलीत. ही उडी सुमारे ५२५ मीटरची. आकडेमोड स्वतः करून बघ : १ घनमीटर पाणी इतकं खाली आलं की हिशेबाने १.४३ युनिट वीज होते, यंत्रातली आणि नळातली घट धरून साधारण सव्वा. २५ मीटर उंचीच्या धरणाच्या पायथ्याशी तेवढ्याच विजेला एकवीसपट पाणी लागेल. तलाव लहान असूनही योजना का जमली, ते इथे कळतं.

इतक्या उंचीला पेल्टन चाकच, म्हणजे कडेला वाट्या बसवलेलं पाणचक्रच योग्य. नोझलमधून निघणारी धार सेकंदाला जवळजवळ १०० मीटर वेगाने वाटीच्या मधल्या कण्यावर आपटते, दुभंगते आणि उलटी वळते. चाकाच्या कडेचा वेग त्या धारेच्या निम्म्याहून जरा कमी ठेवतात, तेव्हा पाणी जोर देऊन जवळपास मरगळून खाली पडतं. पाण्यात बारीक वाळू असली तर आधी नीडलचं (नोझलमधली सुई, तीच धार कमीजास्त करते) टोक आणि वाटीचा मधला कणा झिजतो. मग धार फुटते, फवारा उडतो आणि क्षमता घटते.

सगळ्यात घातक प्रसंग म्हणजे लोड, म्हणजे विजेची मागणी, अचानक सुटणं. चाक पिसाट फिरू लागतं. नीडल झटकन बंद करावी, तर नळातलं पाणी थांबायला तयार नसतं : सेकंदाला ३ मीटरने येणारं पाणी एकदम अडवलं, तर जवळपास ३०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब चढतो. म्हणून आधी डिफ्लेक्टर धार बाजूला वळवतो, नीडल मागाहून सावकाश मिटते. याची उलट बाजू वरच्या टोकाला. तिथला व्हॉल्व्ह मिटला आणि हवा आत घेणारी झडप अडकली, तर नळ रिकामा होताना आत निर्वात पोकळी होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पोलाद डब्यासारखं चेपतं. हे दोन परिच्छेद तुझ्या लेखात हवेतच. वीजघर बांधणाऱ्यांची अक्कल इथे दिसते, उद्घाटनाच्या फोटोत नाही.

परळपर्यंतची सत्तरेक किलोमीटरची लाइन थोडक्यात आटप. व्होल्टेज दुप्पट केलं की त्याच विजेसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि तारेतला तोटा चौथाई होतो, म्हणून लाखाच्या घरातलं व्होल्टेज. क्षमता लिहिताना साल टाकल्याशिवाय आकडा देऊ नकोस. आजचे ७२ मेगावॉट १९१५ च्या माथी मारलेस, ते दुरुस्त कर.

शेवटचं म्हणजे मुळशी. धरणाविरुद्धचा १९२१ ते २४ चा सत्याग्रह आणि त्याचे पुढारी सेनापती बापट तू खोपोलीच्या प्रकरणात घातलेस. ते मुळशी धरणाचं, म्हणजे भिऱ्याच्या केंद्राचं. ते केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. टाटांचंच मधलं केंद्र भिवपुरी १९२२ चं. खोपोलीचा खरा प्रश्न वेगळा आहे : भीमेच्या खोऱ्यातलं, बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी घाटाखाली उतरवलं, ते पाताळगंगेत गेलं आणि अरबी समुद्राला मिळालं. वरच्या खोऱ्याचं काय कमी झालं, खालच्या नदीला बारमाही पाणी मिळाल्याने काठावर काय उभं राहिलं, यावर निदान दोन पानं लिही. त्यासाठी घाटमाथ्याऐवजी टेलरेसपासून, म्हणजे वीजघरातून पाणी बाहेर पडतं त्या कालव्यापासून, सुरुवात केलीस तरी चालेल.

तुझा,
काका