हाडांच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं का?

साठी उलटलेले बरेच जण एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, मला विचारतात, शुगरच्या, हाडांच्या डॉक्टरांना आपला एचआयव्ही सांगायचा का? एका आजींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय ६७. सरकारी केंद्रांत मोफत औषधं २००४ मध्ये मिळू लागली, त्यानंतर थोड्याच वर्षांत यांच्या गोळ्या सुरू झाल्या. वर्षानुवर्षं दबलेला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, या वेळी मात्र वाढून आला. "मॅडम, एक दिवस खंड नाही हो पडला," म्हणत त्या रडायला लागल्या. माझा त्यांच्यावर विश्वास होता. म्हटलं, "आजी, घरी घेता त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा."

पिशवीतून कॅल्शियम निघालं, शुगरचं मेटफॉर्मिन निघालं. सून उठायच्या आत उरकायचं म्हणून एआरटीच्या गोळीसकट सगळं पहाटे उपाशीपोटी एकदम घ्यायच्या. त्या गोळीतलं डोल्युटेग्राविर उपाशीपोटी कॅल्शियमबरोबर घेतलं की रक्तात पुरेसं उतरत नाही. ते कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावं. एकत्रच घ्यायचं तर जेवणासोबत. मेटफॉर्मिनचं उलट होतं, डोल्युटेग्राविरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. आजींना २००० लिहून दिलेलं. जुलाब होत होते, ते त्या वयावर ढकलत होत्या. शिवाय एआरटीच्या गोळीतल्याच टेनोफोविर या औषधाचा परिणाम हाडांवर आणि मूत्रपिंडांवर होऊ शकतो, हे हाडांच्या डॉक्टरांना कळायलाच हवं. पण दोन्ही डॉक्टरांना एचआयव्हीची कल्पनाच नव्हती.

विधवा बाईनं चाळिशीत हे लपवलं, म्हणून तिचं घर टिकलं. तिला मी नावं ठेवणार नाही. पण उतारवयात औषधं वाढतात, तेव्हा उपचार करणाऱ्याला सांगावंच, असं माझं ठाम मत आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एचआयव्हीमुळे उपचार नाकारता येत नाहीत, आणि तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर सुनेला सांगू शकत नाहीत. हे ऐकल्यावर आजी आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दोघांकडेही गेल्या.

आता एआरटीची गोळी रात्री, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. मेटफॉर्मिन निम्मं झालं, जुलाब थांबले. तीन महिन्यांनी व्हायरल लोड पुन्हा दबलेला आला. सुनेला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. सांगायचं ठरलं तर मी शेजारी बसेन, एवढं सांगून ठेवलंय.