‘बापावर गेलाय’ म्हणून सोडून द्यायचं का?

मुलगा पाच वर्षांचा. घरी अखंड बडबड, बाहेर मात्र आईची ओढणी सोडत नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आजीचं म्हणणं, “बापावर गेलाय, रक्तातच आहे.” आईने मला विचारलं, “मॅडम, रक्तातच असेल तर आपण काय करणार?”

आजींचं निम्मं बरोबर आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडायचं. पुढे बुजरी निघालेली मुलं बरीचशी यातलीच. मात्र यातली कितीतरी पुढे बुजरी राहिली नाहीत. या स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण लाजाळूपणाचं असं एकच जनुक नसतं. अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो. आणि मूल जरा कुरकुरलं की लगेच सोडवायला धावणाऱ्या घरांत ही भीती जास्त टिकलेली दिसली.

मी मुलाला नाव विचारलं, आईने सांगितलं. आवडता खेळ विचारला, तोही आईनेच सांगितला. माया होती ती, पण त्याची पाळी दर वेळी हुकत होती.

वडील औषध कंपनीत एमआर आहेत. दिवसभर डॉक्टरांच्या दारात उभं राहायचं काम! ते म्हणाले, “अजूनही आत जाताना पोटात गोळा येतो. पण जातो.” हे आजींच्या लक्षातच आलं नव्हतं. 2003 साली केगन यांच्याच गटाने लहानपणी बुजऱ्या असलेल्या तरुणांचे मेंदू तपासले. अनोळखी चेहरे पाहताना त्यांचा अमिग्डाला, म्हणजे धोक्याची चाहूल घेणारा भाग, इतरांपेक्षा जास्त चेतत होता. धडधड उरते, वागणं बदलू शकतं.

आम्ही ठरवलं ते साधंच. उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजायचं. त्याच्यादेखत ‘लाजतो तो’ म्हणायचं नाही. वाढदिवसाला गर्दी जमायच्या आधी पोचायचं. कोथिंबीर त्याने मागायची, आई शेजारी उभी. ढकलायचं मात्र नाही. स्टेजवर जबरदस्तीने चढवलेली मुलं माझ्याकडे जास्त येतात.

काही आठवड्यांनी भाजीवाल्या मावशींशी तो बोलू लागला. स्नेहसंमेलनात नाचायला अजून नकारच आहे, आणि त्याला माझी हरकत नाही.

मूल घरी बोलतं पण शाळेत महिना उलटूनही एक शब्द काढत नसेल, तर ‘होईल मोठा झाल्यावर’ म्हणत थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. शाळेचा पहिला महिना यात धरू नका.