10 विजय आणि साय यंग? मग काय झालं!

तुमचा प्रश्न: 2018 साली न्यूयॉर्क मेट्स ह्या बेसबॉल टीमचा पिचर (म्हणजे बेसबॉलमधला बॉलर) जेकब डिग्रॉमचे विजय फक्त 10, पराभव 9, तरी त्याला साय यंग पुरस्कार (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा) कसा काय दिला?

हा प्रश्न वाचून मला आमचे दाजीच आठवले.

16 एप्रिल 2018. हौसेने दाजींना सिटी फील्डला मेट्सची मॅच दाखवायला नेलं. गारठा असा की दाजींनी कानटोपी शेवटपर्यंत काढली नाही. डिग्रॉमने समोरच्या नॅशनल्स टीमचे 12 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) काढले होते, आपण 6-1 ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये त्याला बाहेर काढलं आणि बुलपेनवाल्यांनी (त्याच्या जागी आलेल्या बदली पिचरनी) माती खाल्ली. त्या एकाच इनिंगमध्ये 6 रन! 8-6 ने हरलो. डिग्रॉमच्या खात्यात ना विजय, ना पराभव. पार्किंगमध्ये दाजी म्हणतात, "तुझ्या हिरोला जिंकता येत नाही रे."

आता ह्याला काय म्हणायचं? त्या वर्षी त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर गेलेले सरासरी रन, जितके कमी तितकं चांगलं) 1.70, 217 इनिंग, 269 स्ट्राइकआउट. सलग 29 मॅचमध्ये त्याने तीनच्या वर रन दिले नाहीत. आणि तो टाकत असलेल्या 32 मॅचपैकी मेट्स जिंकले 14. रन काढायचे कोणी, त्यानेच?

विजय हा आकडा पिचरचा नाहीच मुळी, तो आख्ख्या टीमचा असतो. 1987 साली चाळिशीतला नोलन रायन ईआरए आणि स्ट्राइकआउट दोन्हींत नॅशनल लीगमध्ये पहिला, तरी विजय 8, पराभव 16. उलट 1989 चा स्टॉर्म डेव्हिस घ्या: ईआरए 4.36 आणि रेकॉर्ड 19-7, कारण मागे ओकलंडची बॅटिंग.

दाजींना हे पटणार नाही, कारण ते आमच्या रविवारच्या क्रिकेट टीमचे कप्तान. सेमीफायनलला मी 4 ओव्हरमध्ये 11 रन दिले. दुसऱ्या टोकाच्या बॉलरांना धो धो रन चाललेले. मॅच गेली आणि पुढच्या रविवारी बाहेर कोण, तर मी. "विकेट कुठाय?" म्हणे. अहो, 1964 ला मद्रासला बापू नाडकर्णींनी इंग्लंडला 32 ओव्हरमध्ये 5 रन दिले होते, 27 मेडन. विकेट शून्य. त्यांनाही बसवलं असतं का दाजींनी? (माझी बापूंशी तुलना नाही, गैरसमज नको.)

हां, पूर्वी पिचर मॅच स्वतः संपवायचे तेव्हा विजयाला थोडा अर्थ होता, हे कबूल. 1972 ला फिलीज ही टीम 59 मॅच जिंकली, त्यातल्या 27 एकट्या पिचर स्टीव्ह कार्लटनच्या. त्याने 30 मॅच पूर्ण टाकल्या होत्या. आता तसं कोण टाकतं?

तेव्हा तुम्ही कुठे टीम निवडत असाल, तर आधी स्कोअरबुक नीट वाचा. वहीत सगळं लिहिलेलं असतं.

राहिला तुमचा प्रश्न. पुरस्कार बेसबॉल पत्रकारांच्या मतांनी ठरतो. पहिल्या क्रमांकाची 30 पैकी 29 मतं डिग्रॉमला पडली. उरलेलं एक 18 विजयवाल्या नॅशनल्सच्या पिचर शेरझरला. ते मत देणारा आमच्या दाजींच्या नात्यातला असावा.