पहिला डॅक घेण्यापूर्वी

प्रश्न : वडिलांनी घेतलेला जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर माझ्याकडे आहेत व दोन्ही उत्तम चालतात. घरातल्या सगळ्या सीडी मी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतल्या आणि हेडफोनच्या पिनमधून वायर काढून ॲम्प्लिफायरला जोडली. आवाज वाढवला की मागे बारीक खरखर ऐकू येते आणि माउस हलवला की ती बदलते. टीव्हीचा आवाजही याच स्पीकरवर ऐकायचा आहे. जळगावला दुकानात डॅक पाहिले, पण ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, अमुक चिप या आकड्यांनी गोंधळ उडाला. पंधरा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. कोणता घ्यावा?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : माउस हलवल्यावर खरखर बदलते, हे आपण नोंदवले ते फार बरे झाले, कारण दोष ॲम्प्लिफायरचा किंवा स्पीकरचा नसून लॅपटॉपच्या आतला आहे हे त्यावरून जवळजवळ निश्चित होते. आकड्यांच्या रूपात साठवलेल्या संगीताचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारा भाग, म्हणजेच डॅक, लॅपटॉपमध्येही असतो; पण तो प्रोसेसर आणि इतर सर्किटांच्या शेजारी दाटीने बसवलेला असल्यामुळे त्यांचा गोंगाट त्याच्यात शिरतो. हे काम लॅपटॉपबाहेरच्या स्वतंत्र पेटीत नेणे हा योग्य उपाय आहे, आणि त्यासाठी पंधरा हजार रुपये पुरून उरतील.

आकड्यांची भीती मनातून काढून टाकावी. सीडी १९८२ साली बाजारात आली ती १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे आवाजाची मोजमापे) या मापाने, आणि आपला सगळा संग्रह त्याच मापाचा आहे. १६ बिटांत सर्वांत मोठ्या व सर्वांत बारीक आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल मावते. चोपड्याच्या उन्हाळ्यात डोक्यावर पंखा फिरत असताना घरातल्या दिवाणखान्यात त्याहून अधिक काही कानांपर्यंत पोहोचत नाही. आज मिळणारा कोणताही बरा डॅक हे माप सहज पेलतो. ७६८ किलोहर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला ७,६८,००० नमुन्यांसाठी, वेगळे पैसे मोजू नयेत. चिपचेही तसेच आहे. एकच चिप दोन वेगवेगळ्या उपकरणांत असू शकते आणि तरी त्यांच्या आवाजात फरक पडू शकतो, कारण चिपनंतरचे सर्किट आणि वीजपुरवठा किती काळजीपूर्वक केला आहे यावर बरेच अवलंबून असते.

खरेदी करताना खरे पाहायचे ते जोडणीचे पर्याय. आपल्याला लॅपटॉपसाठी यूएसबी आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल (प्रकाशातून संकेत नेणाऱ्या तारेचे), असे दोन इनपुट हवेत, आणि मागे सुमारे २ व्होल्ट देणारे आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांचे) आउटपुट हवे. या गरजा भागवणारी साधी मॉडेल फिओ, टॉपिंग, एसएमएसएल या कंपन्यांकडे आपल्या रकमेत बसतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’ या साध्या, न आवळलेल्या प्रकारावर ठेवावा लागतो, नाहीतर डॉल्बी पद्धतीने आवळलेला संकेत साध्या डॅकला समजत नाही आणि स्पीकर मुका राहतो. शिवाय ऑप्टिकल तारेतून जाणारा आवाज टीव्हीच्या रिमोटने बहुधा कमीजास्त होत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना दर वेळी उठून ॲम्प्लिफायरपाशी जावे लागू नये असे वाटत असेल, तर स्वतःचा रिमोट असलेला डॅकच घ्यावा. माझ्या मते चिपच्या नावापेक्षा ही सोय मोलाची आहे. डॅकची वायर ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ इनपुटला जोडावी. ‘फोनो’ इनपुट फक्त रेकॉर्ड प्लेअरसाठी असते. तिथे डॅक जोडल्यास आवाज फाटका आणि बेढब येतो.

दुकानात तुलना करताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. लॅपटॉपच्या पिनमधून समजा १ व्होल्ट येत असेल आणि डॅकमधून २ व्होल्ट, तर ॲम्प्लिफायरचे बटण न हलवताही डॅकचा आवाज ६ डेसिबलने मोठा येतो, आणि मोठा आवाज कानांना नेहमीच अधिक चांगला भासतो. म्हणून आधी दोन्ही आवाज सारखे करून घ्यावेत आणि मगच तंबोऱ्याची साथ असलेले एखादे विलंबित ध्वनिमुद्रण लावावे. गायक श्वास घेण्यासाठी थांबतो त्या क्षणी तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजारव) किती वेळ ऐकू येते आणि ती शांततेत विरते की खरखरीत बुडते, याकडे लक्ष द्यावे. आपली तक्रार नेमकी याच ठिकाणची आहे.

उरलेल्या पैशांतून वायर महागडी घेऊ नये. स्पीकर कानांच्या उंचीवर येतील असे दोन भक्कम स्टँड सुताराकडून करून घ्यावेत.

प्रश्न : नवा डॅक टीव्ही आणि लॅपटॉप दोन्हींना जोडल्यापासून स्पीकरमधून सतत जाड ‘हम्म’ असा आवाज येतो. डॅक परत करावा का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : घाई करू नये. प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. तरीही आवाज राहिला, तर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला बाहेरून येणारी केबलची वायर काढून पाहावी. ज्या कृतीने आवाज थांबेल तिथून दुसरे अर्थिंग आत येत आहे असे समजावे, कारण दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी तो संगीताच्या तारेतून वाहतो आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो. टीव्ही धातूच्या तारेने जोडला असल्यास ती जोडणी ऑप्टिकल करावी. त्या तारेतून फक्त प्रकाश जातो, वीज जातच नाही. केबलच्या वायरीसाठी आयसोलेटर, म्हणजे संकेत जाऊ देऊन अर्थिंगची जोडणी तोडणारा छोटा भाग, मिळतो.

घरच्या अर्थिंगचीही तपासणी करून घ्यावी. तापीकाठची काळी जमीन एप्रिल-मे महिन्यांत कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातले नसेल तर त्याचा उपयोग फार कमी होतो. आवाज थांबावा म्हणून ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. आवाज थांबेलही, पण उपकरणात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरून जिवावर बेतू शकते, म्हणून तो सल्ला मुळीच मानू नये आणि वायरमनकडून खड्डा तपासून घ्यावा.