गाडी बंद, पंखा चालू: घाबरू नका

अभिनंदन नव्या हायब्रिड गाडीबद्दल (म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली)! गाडी बंद केल्यावरही बॉनेटखालचा पंखा चालूच राहतो, असं विचारलंत ना. मीही पहिल्या हायब्रिडच्या वेळी पार्किंगमध्ये बॉनेटला कान लावून उभा होतो, वॉचमन हसत होता.

आधी एक बघा: डॅशबोर्डवर 'रेडी' दिवा लागलाय का? हायब्रिडमध्ये इंजिन थांबलं म्हणजे गाडी बंद झाली असं नसतं. रेडी असताना एसी चालू असेल, तर बहुतेक हायब्रिडमध्ये त्याचा कॉम्प्रेसर हायब्रिड बॅटरीवर चालतो, त्यासाठी पुढचा पंखा फिरणारच. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, गाडी चालू ठेवून निघून जाणं.

गाडी खरंच बंद करूनही घाट चढून आल्यावर किंवा मे महिन्याच्या उन्हात पंखा काही मिनिटं चालला, तर उलट चांगलंच. इंजिन थांबलं तरी त्यातली उष्णता लगेच जात नाही. अर्ध्या तासानंतरही थांबत नसेल, किंवा थंड गाडीतही रोज असंच होत असेल, तर मात्र वर्कशॉप गाठा. अडकलेला रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बारा व्होल्टची बॅटरी उतरवतो.

तोवर एवढं पाळा:
- पंख्याजवळ हात नको, तो न सांगता सुरू होतो.
- गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी सकाळी, गाडी थंड असताना बघा.
- आवाज बंद करायला फ्यूज काढू नका.
- नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) केबलना हात लावायचा नाही.

आवाज मागच्या सीटकडून येतोय का? मग तो बहुधा हायब्रिड बॅटरीचा पंखा. त्याच्या जाळीवर पिशव्या ठेवू नका.